राखणदाराचा जाच

मिरजेचे आमचे मामा म्हणजे व्यवहाराला पक्के. ३५ वर्षे हायस्कुलात गणित शिकवल्यामुळे असेल, पण मंडईत पावशेर मिरची घेतानाही त्यांची नजर तराजूच्या काट्यावर. बँकेच्या पासबुकात एकदा सव्वा रुपयाची चूक निघाली, तर तीन खेपा घालून त्यांनी ती दुरुस्त करून घेतली होती. अशा या मामांनी मागच्या दिवाळीनंतर, घरबसल्या, एका अनोळखी माणसाच्या गोड बोलण्यावर १४,५०० रुपये घालवले.

झाले ते असे. निवृत्तीनंतर मामांनी घराण्याचा कुलवृत्तान्त लिहायला घेतला आहे. मुलाने घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर रोज दुपारी दोन तास ते पिढ्या जुळवत बसतात. त्या दिवशी एक जुना ग्रंथ इंटरनेटवर शोधता शोधता पडदा एकाएकी लालभडक झाला आणि कर्कश भोंगा वाजू लागला. ‘तुमच्या संगणकात धोकादायक व्हायरस शिरला आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ मामांनी फोन केला. पलीकडचा माणूस अदबीने, शुद्ध हिंदीत बोलत होता. त्याने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितले, त्यातून लॅपटॉपचा ताबा घेतला, काळ्या चौकटीत भराभर इंग्रजी अक्षरे फिरवून दाखवली आणि ‘तीन वर्षांचे संरक्षण’ विकले. भोंगा बंद झाला. मामांनी निःश्वास सोडला आणि मामींना चहा टाकायला सांगितला.

आम्हा भाचरांना हे कळले आठ दिवसांनी, आणि तेही मामींकडून. सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा क्रमांक फिरवला, रीतसर तक्रार नोंदवली. पण अशा प्रकरणात पहिले काही तास महत्त्वाचे असतात आणि इथे तर आठवडा उलटला होता. पैसे गेले ते गेलेच. मला मात्र पैशांपेक्षा निराळेच कोडे पडले होते. सव्वा रुपयासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवणारा माणूस इथे फसलाच कसा? एकदा धीर करून विचारले, “मामा, तुम्हाला जरासुद्धा संशय आला नाही?”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, रोजच सांगतं ना ते यंत्र, धोका आहे, धोका आहे म्हणून. त्या दिवशी जरा मोठ्यानं सांगितलं, एवढंच.”

हे वाक्य काही मनातून जाईना. म्हणून पुढच्याच रविवारी मिरज गाठली आणि मामांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. म्हटले, हे यंत्र रोज सांगते तरी काय, ते एकदा ऐकू या.

सात निरोप, व्हायरस शून्य

मामांनी बटण दाबले. मामींनी आधण ठेवले. चहा उकळला, गाळला, समोर आला, तरी लॅपटॉप आपला गोल गोल चकली फिरवतोच आहे! अखेर पडदा उघडला आणि निरोपांची रांग लागली.

पहिला निरोप अँटीव्हायरसचा. उजव्या कोपऱ्यात लाल चौकट : ‘आपले संरक्षण १९ दिवसांत संपत आहे. आजच नूतनीकरण करा.’ ती मिटवली तर दुसरी : संगणकात एक हजारावर अनावश्यक फायली सापडल्या आहेत, साफ करू का? ‘हो’ म्हटले तर साफसफाईचे निराळे पैसे. तिसरी : तुमचे इंटरनेट कोणीतरी पाहत असेल, आमचा गुप्त मार्ग विकत घ्या. चौथा निरोप ब्राउझरच्या डोक्यावर बसलेल्या एका पट्टीचा. ती पट्टी कधी आणि कोठून आली, हे मामांना ठाऊक नाही. पाचवा प्रिंटरचा : शाई आमच्याकडूनच घ्या. सहावा खुद्द विंडोजचा : तुमच्या फायलींची प्रत आमच्याकडे ठेवायला द्या. आणि सातवा पुन्हा अँटीव्हायरसचाच : ‘आज आम्ही तुमचे रक्षण केले. आम्हाला किती तारे द्याल?’

मामांनी वहीच्या मागच्या पानावर काड्या मांडल्या होत्या. अर्ध्या तासात सात निरोप. त्यांत खऱ्याखुऱ्या व्हायरसविषयी किती? शून्य.

गंमत अशी की, या अँटीव्हायरसचे वर्षाचे पैसे मामांनी भरलेले होते. फुकट घेतलेला माल कटकट करतो, हे एक वेळ समजू शकते. पण दाम मोजल्यावर तरी माणसाला स्वस्थ बसू द्यावे की नाही? आपल्या कॉलनीत रात्री गुरखा शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरतो. महिन्याच्या एक तारखेला येऊन आपले पैसे घेऊन जातो. त्याच्याविषयी कोणाची तक्रार नसते. पण उद्या त्याच गुरख्याने रोज जेवणाच्या वेळी बेल वाजवून ‘साहेब, चोर येऊ शकतो हं!’ असे सांगायला सुरुवात केली, मग दिवाणखान्यातच खाट टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कुलुपे विकायला काढली, तर आपण काय करू?

मामांच्या अँटीव्हायरसचे नाव इथे मुद्दाम देत नाही. कारण हा एका दुकानाचा रोग नव्हे, सगळ्या पेठेची रीत आहे. आणि ही रीत मुळापासून अशी नव्हती.

चपला बाहेर काढण्याचे दिवस

पीसी नावाच्या घरगुती संगणकावरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ साली आला, आणि तो आपल्या शेजारून, लाहोरहून. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होऊ नयेत, हा आपला हेतू होता, असे त्यांनी सांगितले. ‘ब्रेन’ हे त्याचे नाव. त्यात या भावांनी स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवले होते. आजच्या चोरांच्या मानाने फारच सभ्य म्हणायचे!

नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेल्या पिढीला तो काळ आठवत असेल. वातानुकूलित खोली, बाहेर चपलांचा ढीग, आणि दारातच सरांचा प्रश्न, “फ्लॉपी तपासलीस का?” चपलांच्या धुळीतूनही व्हायरस आत येतो, असे मनापासून मानणारी मंडळी तेव्हा होती. पण भीती अगदीच खोटी नव्हती. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘चेर्नोबिल’ नावाने ओळखला गेलेला व्हायरस जागा झाला आणि आशिया खंडात असंख्य संगणकांमधली माहिती एका दिवसात पुसली गेली. अशा वेळी अँटीव्हायरसची फ्लॉपी घेऊन येणारा मुलगा डॉक्टरसारखा वाटे. तो येई, फ्लॉपी घाली, रोग काढी, पैसे घेई आणि निघून जाई. पुन्हा बोलावल्याशिवाय येत नसे.

या वैद्यकीत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांना व्हायरसने ग्रासलेले पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. त्यातूनच क्विक हील ही कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली शेअर बाजारात पोचली. रोग समोर होता, म्हणून औषध निघाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तो उलटा होत गेला.

उलट्या क्रमाची चुणूक खरे तर १९९२ सालीच दिसली होती. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस त्या वर्षी ६ मार्चला जगभरातल्या संगणकांवर घाला घालणार, अशी हाकाटी झाली. जॉन मॅकॅफी या अमेरिकन गृहस्थाने १९८७ साली स्वतःच्या नावाची अँटीव्हायरस कंपनी काढली होती. पन्नास लाखांपर्यंत संगणक सापडतील, हा आकडा त्याच्याच तोंडून वर्तमानपत्रांत गेला. ६ मार्च उजाडला आणि मावळला. बाधित संगणकांची संख्या काही हजारांच्या घरात निघाली. मात्र तोवर अँटीव्हायरसची धडाक्याने विक्री झाली होती. भीतीला बाजारभाव आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. हाच मॅकॅफी १९९४ साली कंपनीतून बाहेर पडला आणि २०१३ साली, ‘मॅकॅफी अँटीव्हायरस संगणकातून काढून कसे टाकावे’ या विषयावर त्याने एक चावट, शिवराळ विनोदी चित्रफीत काढली. लोक अजूनही आपल्यालाच पत्रे लिहून विचारतात, अशी त्याची तक्रार होती!

भीतीचे वार्षिक वर्गणीदार

बदलले काय? एक तर विक्रीची पद्धत. फ्लॉपीतले औषध एकदा विकले की दुकानदाराचे काम संपे. पण नवे व्हायरस रोज निघतात, तेव्हा औषधही रोज ताजे हवे. त्यामुळे वार्षिक वर्गणी आली. त्यात गैर काही नाही. वर्तमानपत्राचीही आपण वर्गणी भरतोच. अडचण पुढे आहे. वर्तमानपत्र रोज दारात पडते, म्हणून पैसे कशाचे ते दिसते. अँटीव्हायरसचे काम मात्र काहीच न घडू देणे हे आहे. आणि काहीच घडले नाही, तर गिऱ्हाईक वर्षाअखेरीस विचारते, “पैसे कशासाठी भरू?” म्हणून मधून मधून धोका आठवून द्यावा लागतो. राखणदार जागा आहे हे मालकाला कळावे, म्हणून मालकालाच जागे ठेवायचे!

दुसरा बदल त्याहून मोठा. २०१२ साली विंडोजच्या आठव्या अवतारात मायक्रोसॉफ्टने पुरेसा अँटीव्हायरस आतच बसवून दिला. ‘डिफेंडर’ त्याचे नाव. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. सुरुवातीला तो लेचापेचा होता, पण गेल्या काही वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमध्ये तो विकतच्या औषधांच्या पंक्तीला बसू लागला आहे. घराच्या दाराला आता कुलूप बसवूनच मिळते. मग कुलूपवाल्याने करायचे काय? त्याने कुलपाबरोबर आणखी दहा जिनसा विकायला काढल्या. सफाई, वेगवाढ, गुप्त मार्ग, पासवर्डची पेटी. अँटीव्हायरस फुगत गेला तो असा.

तो आपल्या घरात शिरतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत तो आधीच बसवलेला असतो, एक-दोन महिने फुकट. हे औदार्य नव्हे. आपल्या मालाला ती जागा मिळावी म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे देतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत आणखी एक युक्ती सर्रास चाले. फ्लॅश किंवा जावासारखी गरजेची गोष्ट उतरवायला जावे, तर खाली बारीक अक्षरांत, आधीच खूण केलेल्या चौकटीत, दुसरेच काहीतरी दडलेले असे. खूण काढायला विसरलात की ती जोडगोळी घरात. मामांच्या ब्राउझरवरची ती अनोळखी पट्टी अशाच वाटेने आली असणार.

२०१५ साली तर कळस झाला. लेनोव्होच्या काही कोऱ्या लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसवून आल्याचे उघडकीस आले. ते आपण पाहत असलेल्या पानांत स्वतःच्या जाहिराती घुसवी, आणि त्यासाठी बँकेच्या व्यवहाराला जे सुरक्षित आवरण असते तेही बाजूला सारी. ही वस्तू तातडीने काढून टाका, असा सल्ला अमेरिकी सरकारच्या सायबर विभागाला द्यावा लागला.

कुंपणच शेत खाते तेव्हा

इथवरच्या गोष्टी कटकटीच्या म्हणून सोडून देता येतील. पुढच्या तशा नाहीत.

अव्हास्ट ही युरोपातली नावाजलेली अँटीव्हायरस कंपनी. तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना आम्ही रोखतो, असे ती गिऱ्हाइकांना सांगत होती. प्रत्यक्षात तिच्याच ब्राउझरमधल्या साधनांतून लोक काय पाहतात, काय शोधतात याची माहिती गोळा होत होती आणि ‘जंपशॉट’ या तिच्या उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. पत्रकारांनी हे उघड केल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावल्याचे आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकायला मनाई केल्याचे जाहीर केले.

त्याच कमिशनचे २०१९ सालचे प्रकरण तर मामांना फार आवडले, कारण त्यात गणित आहे. ऑफिस डेपो या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीत संगणकाची मोफत तपासणी होई. सुरुवातीला चारच साधे प्रश्न. संगणक हळू चालतो का? अचानक बंद पडतो का? वगैरे. यातल्या एकालाही गिऱ्हाइकाने ‘हो’ म्हटले की तपासणीअंती व्हायरसची लक्षणे सापडल्याचा निकाल यायचाच. तपासणीचा त्या निकालाशी संबंधच नव्हता! मग दुरुस्तीचे पैसे. ऑफिस डेपो आणि तो प्रोग्रॅम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघांना मिळून साडेतीन कोटी डॉलर द्यावे लागले. “म्हणजे उत्तर आधी आणि उदाहरण मागाहून!” मामा म्हणाले. “वर्गात असं कुणी केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.”

२०२१ साली नॉर्टनने याहून वेगळी तऱ्हा केली. अँटीव्हायरसच्या पोटातच आभासी चलन ‘खोदण्याची’ सोय बसवली. ती आपोआप सुरू होत नव्हती, हे खरे. पण सुरू केली तर वीज आपली, संगणक आपला, आणि मिळकतीतले १५ टक्के कंपनीचे. राखणदाराने अंगणात पिठाची गिरणी टाकण्यापैकीच हा प्रकार. आणि ‘नको तर दुसऱ्याकडे जाऊ’ म्हणावे, तर २०२२ पासून नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अव्हिरा ही चारही नावे एकाच मालकाच्या छपराखाली आहेत. पाट्या चार, गल्ला एक.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अँटीव्हायरस संगणकाच्या सगळ्यात आतल्या खोलीत राहतो. आपण कोणतीही फाईल उघडायला गेलो की आधी तो तिला हात लावून पाहतो. त्याला सगळ्या किल्ल्या दिलेल्या असतात, म्हणूनच यंत्र जड होते, आणि म्हणूनच त्याची चूक साधी राहत नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाईलच व्हायरस ठरवली आणि जगभर संगणक बंद-चालू, बंद-चालू होत बसले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ते सॉफ्टवेअर घरगुती नव्हे, कचेऱ्यांचे. पण आपल्याकडच्या विमानतळांवरही त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दोन्ही वेळा चोर आलाच नव्हता. पहारेकऱ्याचाच पाय घसरला होता.

लांडगा आला रे आला

आता अँटीव्हायरसवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे दुसरा लाल पडदा ठरेल. चोर खरे आहेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांचे काम ठप्प केले होते. अशा वेळी रात्र रात्र जागून व्हायरसची चिरफाड करणारे तज्ज्ञ याच कंपन्यांत काम करतात आणि त्यांचे ऋण सगळ्यांवर आहे. दुकान, दवाखाना, कचेरी जिथे पाच-पन्नास संगणक एकत्र जोडलेले आहेत, तिथे जास्तीचा पहारा हवाच. आणि घुसखोरी करण्यात खुद्द विंडोजही काही मागे नाही. मामांच्या यादीतला सहावा निरोप तिचाच होता.

माझा आक्षेप पहाऱ्याला नाही, आरोळीला आहे. मेंढपाळाच्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून त्याने रोज ओरडावे, गावकऱ्यांनी धावावे, आणि खरा लांडगा आला त्या दिवशी कोणी येऊ नये. मिरजेत मात्र ही गोष्ट उलटी घडली. गावकरी प्रामाणिक होता. तो रोज धावत राहिला. लाल चौकट दिसली की वाचायची, सांगेल ते बटण दाबायचे, मागेल ते पैसे भरायचे, ही सवय त्याला रोजच्या रोज लावली गेली. एके दिवशी लांडग्यानेच पोराचा आवाज काढून हाक मारली, आणि गावकरी सवयीने धावत त्याच्या तोंडात गेला.

खरी सूचना आणि खोटी सूचना यांचा रंग तोच, भाषा तीच, घाई तीच. चोराने ही भाषा नव्याने शोधलेली नाही. ती त्याला बाजारात तयार मिळाली. मामांचे १४,५०० रुपये चोराने नेले, यात शंका नाही. पण मामांना धावायची तालीम कोणी दिली, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्या सरकारने हा प्रश्न काही अंशी विचारला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई करणे, लाजवून होकार मिळवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, सतत टोचत राहणे, व्हायरस शिरल्याची खोटी भीती घालून बनावट उपायाचे पैसे उकळणे, हे सारे त्या यादीत आहे. मामांचा सबंध रविवार त्या यादीत सापडतो म्हणा ना! तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. शिवाय कार्डावरून वर्गणी आपोआप कापायची असेल, तर निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू आहे. तसा संदेश आला की तो न वाचता पुसू नये. नको असलेली वर्गणी थांबवण्याची ती वेळ असते.

रविवारची साफसफाई

दुपारी जेवणे झाली आणि आम्ही कामाला लागलो. वाचकांपैकी कोणाच्या घरी असेच मामा किंवा आजी असतील, म्हणून क्रम सांगतो.

आधी कुलवृत्तान्ताची आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून घेतली आणि ती मामींच्या कपाटात ठेवली. खरा व्हायरस आला, तरी जे आपण दुसरीकडे ठेवले आहे ते कोणी पळवू शकत नाही. मग त्या गोड आवाजाच्या माणसाने बसवलेला, दुरून ताबा घेणारा प्रोग्रॅम काढला आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. ब्राउझरवरची पट्टी काढली. वेबसाइटांना सूचना पाठवायची जी परवानगी मामांनी न कळत दिली होती, ती बंद केली. कोपऱ्यातल्या अनेक चौकटी याच परवानगीच्या जोरावर येतात.

शेवटी अँटीव्हायरस. तो निघता निघेना. ‘खरोखर काढायचे?’ हो. ‘कारण सांगा.’ सांगितले. ‘निम्म्या किमतीत राहता का?’ नाही. मग दोन बटणे आली. एक मोठे हिरवे, ‘मला सुरक्षित ठेवा’. दुसरे फिकट, बारीक, ‘नको, मी धोका पत्करतो’. मामांचा हात थबकला. “असं कसं म्हणायचं रे? मी कशाला धोका पत्करू?” पाहा, लाजवून होकार मिळवणे म्हणतात ते हेच. कितीतरी कंपन्यांना आपलाच माल पुरता निपटून काढण्यासाठी निराळे साधन द्यावे लागते, यावरून मुळे किती खोल असतात ते कळावे.

तो निघाल्याबरोबर विंडोजचा आपला डिफेंडर आपसूक जागा झाला. बाकी केले ते एवढेच : विंडोज आणि ब्राउझर यांचे अपडेट चालू ठेवले. हे अपडेट मात्र कधी टाळू नयेत. विंडोजचा दहावा अवतार वापरत असाल, तर त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात असू द्यावे. मग मामांनी सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवली : ‘पडद्यावर फोन नंबर दिसला, तर तो चोराचा.’ हा नियम पक्का आहे. आपल्या कोणत्याही धोक्याच्या सूचनेत फोन नंबर नसतो, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर करून ठेवले आहे. भोंगा वाजलाच तर काय करायचे, याचीही तालीम घेतली : घाबरायचे नाही, फोन करायचा नाही, बटण दाबून धरून लॅपटॉप सरळ बंद करायचा.

संध्याकाळच्या गाडीने मी परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, बरोबर कुलवृत्तान्ताच्या वेळेला, मामांचा फोन.

“अरे, लॅपटॉप सुरू केला. चहा व्हायच्या आतच उघडला.”

“मग चांगलंच झालं की, मामा.”

“ते खरं रे. पण एक विचारायचं होतं.” त्यांचा आवाज जरा खाली आला. “तासभर झाला, काहीच बोलला नाही तो. एक शब्द नाही. बिघडला तर नाही ना?”